हवालदार चहाला थांबतात

पडदा वर जातो. उजवीकडे मातीची चूल, डावीकडे माणसाच्या खांद्याइतकी उंच भाताची कणगी, शेणाने सारवलेली. मधोमध कोणी नाही. आमच्या नाटकाची सुरुवात अशी व्हायची. पण मला ज्या माणसाविषयी लिहायचं आहे तो रंगमंचावर कधी चढलाच नाही. तो पडद्याच्या अलीकडे बसायचा. म्हणून दिवे जरा प्रेक्षकांच्या बाजूला वळवतो.

साल एकोणीसशे सदुसष्ट. बोईसरला भातगिरणीच्या मागे एक रिकामं गोदाम होतं, त्यालाच आम्ही नाट्यगृह म्हणायचो. दीडशे माणसं मावायची. पुढे सतरंज्यांवर बायका, त्यांच्यामागे बाकांवर पुरुष, आणि अगदी मागे भिंतीला टेकून उभे असायचे ते तारापूरच्या बांधकामावरचे मजूर. प्रयोग रविवारी दुपारी साडेतीनला, कारण माकुणसार-सफाळ्याकडच्या मंडळींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असे. कोंड्याचा वास इतका, की पहिली दहा मिनिटं सगळं गोदाम शिंकत असायचं. आणि सतरंज्यांच्या कडेला, पहिल्या रांगेत, हाताची एक लाकडी खुर्ची. ती खंडेराव हवालदारांची.

ते आवडीने येत नसत. परवान्याची अट होती: प्रत्येक प्रयोगाला पोलिसाने हजर राहायचं, आणि संपल्यावर वहीत शेरा लिहायचा. तो शेरा पालघरला जायचा. ‘आक्षेपार्ह’ हा एक शब्द पडला की पुढचा प्रयोग बंद. आमचं नाटक खुनाचं, तेही विनोदी, त्यामुळे पालघरच्या साहेबांना आधीच शंका होती. एका घरात दोन सुना, दोघी एकमेकींना न सांगता सासूच्या पानात विष घालतात, आणि म्हातारी मेल्यावर ‘मी मारली, तुझं काय श्रेय’ म्हणून भांडत बसतात. प्रेत कणगीत. नाव ‘कणगीत कोण?’ लिहिलं होतं नरहरी गुरुजींनी, बसवलंही त्यांनीच. मी तेव्हा बांधकामावर स्टोअरमध्ये होतो आणि नाटकात हवालदाराचं काम करायचो. पुढे तीस वर्षं मी या धंद्यात काढली, गावोगावची थिएटरं पाहिली, पण त्या खुर्चीवरच्या माणसाइतकं लक्ष मी दुसऱ्या कुठल्या प्रेक्षकाकडे दिलं नाही.

खंडेराव मूळचे जुन्नरकडचे. बावीस वर्षं याच पट्ट्यात नोकरी झाली होती. चोपन्नाव्या वर्षीही हवालदारच, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले. बोईसर ते तारापूर गस्त पायी घालायचे. टाचांना भेगा पडलेल्या, त्यांत मेण भरलेलं. कुठेही बसायची वेळ आली की आधी खुर्चीचा हात दोनदा दाबून बघायचे, मग टोपी काढून तिच्या आतली चामड्याची पट्टी रुमालाने पुसायचे, आणि म्हणायचे, “बरं.” या ‘बरं’ला काही अर्थ नसे. बैलगाडीवाला खाली उतरताना जसा श्वास सोडतो तसा तो शब्द यायचा. त्यांना बाजारात कोणी घाबरत नसे. भांडण सोडवायला गेले तर दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन म्हणायचे, “आता मी चाललो, म्हणजे तुमी पण जा.” आणि लोक जायचे.

आता माझी चूक सांगतो. भूमिका बसवताना मी ही सगळी चाल त्यांच्यावरून उचलली. दाबलेला हात, पुसलेली पट्टी, ते ‘बरं’, सगळं. नटाला चोरी करताना लाज वाटत नाही, आणि मी तर चोरी पोलिसाच्याच घरी केली म्हणून मनात खूष होतो.

पहिला प्रयोग. दुसऱ्या अंकात शेजाऱ्याच्या तक्रारीवरून हवालदार चौकशीला येतो आणि दोन कप चहा पिऊन जातो. दारात त्याची चाहूल लागते, धाकटी सून थरथरायला लागते. थोरली सून, म्हणजे सफाळ्याच्या शाळेतली आमची पारूबाई, कपाळावर हात मारते आणि म्हणते, “चूल पेटव. घरात मयत असलं तर चूल पेटत नाही, हे हवालदारालाही ठाऊक आहे. धूर दिसला की तो निवांत बसेल.”

इथे हशा येईल असा गुरुजींचा हिशेब होता. हशा आला नाही. विष घालताना हसणाऱ्या, प्रेत कणगीत कोंबताना पोट धरून हसणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. पारूबाईंनी काडी ओढली, तशी माकुणसारची लाडकी, भाजीच्या वाडीवरची बाई, सतरंजीवरून गुडघ्यांवर उठली.

“अगं बाय, चूल नको पेटवू. म्हातारी घरात हाय ना अजून.”

पारूबाई अनुभवी. त्यांनी काडी तशीच धरून विचारलं, “मग काय करू? हवालदार दारात आहे.”

“त्याला सांग ना, च्या बाहेरनं पिऊन ये म्हणून,” लाडकी म्हणाली.

गोदाम हादरलं. मला आत यायला दोन मिनिटं थांबावं लागलं. आत आलो, कणगीला पाठ टेकून बसायचं होतं, त्याआधी ती दोनदा दाबून पाहिली, टोपी काढली, पट्टी पुसली, म्हणालो, “बरं.”

आणि मग जे झालं ते मी वरून पाहिलं. दीडशे माना एकाच वेळी माझ्यावरून निघून पहिल्या रांगेकडे वळल्या. हशाच्या गडबडीत उठून नुकतेच पुन्हा बसलेल्या खंडेरावांच्या हातात त्या क्षणी टोपी होती आणि रुमाल पट्टीवर होता. हसू असं आलं की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मागून एक मजूर शेजाऱ्याला सांगत होता, “अरे असली वाला देख, असली वाला.”

खंडेराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टोपी घातली आणि नाटक संपेपर्यंत काढली नाही. वहीत लिहिलं, ‘प्रयोग शांततेत पार पडला. आक्षेपार्ह काही नाही.’ वही माझ्या हातात देताना म्हणाले, “अहो स्टोअरवाले, टोपी मी डाव्या हाताने काढतो. तुमी उजव्या.”

दुसऱ्या रविवारी गोदामाबाहेर रांग लागली. लोक एक हवालदार वर आणि एक खाली बघायला येत होते. आठवडाभर बाजारात त्यांना ‘असली वाला’खेरीज दुसरं नाव नव्हतं. चिंधूच्या हॉटेलापुढून गेले की आतून कोणीतरी ओरडायचं, “चिंधू, कणगी पूस, साहेब टेकणार हायत.” चिंधूही कमी नव्हता, कप पुढे करून म्हणायचा, “घरी सगळी जिवंत हायत साहेब, घ्या की बिनधास्त.” खंडेराव हात हलवून पुढे जायचे. मला नंतर चिंधूकडूनच कळलं, की पहिल्या प्रयोगानंतर त्यांनी बोईसरात कुठेही चहा घेतला नव्हता. बोईसरला आल्यापासून सकाळचा कप त्याच्याकडे व्हायचा, तो बंद. आम्हाला वाटलं, थट्टा मनाला लागली.

तिसऱ्या प्रयोगाला मी चहाची बशी तोंडाला लावली आणि खाली पाहिलं तर खुर्ची रिकामी. माना वळल्या, खुर्चीवर जाऊन थांबल्या आणि परत आल्या. कोणी हसलं नाही. तोच प्रवेश, तेच शब्द, पण सगळं भिजल्या काडीसारखं. अंक कसाबसा संपला. खंडेराव बाहेर गिरणीच्या भिंतीला टेकून उभे होते. शेवटी आले आणि वहीत तेच लिहिलं, ‘आक्षेपार्ह काही नाही.’

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांची समजूत काढ. ते उठून गेले की नाटकातला जीव जातो.”

“गुरुजी, माणसाची थट्टा चाललीय.”

“माझी पण चालते. शाळेत पोरं मला विषारी गुरुजी म्हणतात. मी शाळा सोडली का?”

मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर बेटेगावला गेलो. खंडेराव तिथे एका वाडीतल्या खोलीत राहायचे. बायको गावी, मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. ते ओट्यावर बसून टाचांत मेण भरत होते. मी माफी मागायची म्हणून सुरुवात केली. ते ऐकून न घेता म्हणाले, “एक खरं सांगा. गुरुजींना हे कोणी सांगितलं?”

“काय?”

“चुलीचं. हवालदार चहाला थांबला ते.”

मी सांगितलं, की गुरुजींची मावशी वारली तेव्हा त्यांना सकाळपासून चहा मिळाला नव्हता, प्रेतापाशी बसून चहाचाच विचार करत होते, तेव्हा त्यांना हे सुचलं. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. खंडेराव म्हणाले, “म्हणजे कोणाला ठाऊक नाय.”

आणि त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ते सफाळ्याच्या बाजूला होते. डोंगराकडच्या एका पाड्यावरून देवू नावाचा तरुण शेतकरी चौकीवर आला. दुसऱ्या पाड्यावर दिलेली त्याची बहीण रखमा चार दिवस कोणाला दिसली नव्हती. नवरा मारायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खंडेराव नऊ मैल चालत त्या घरी गेले. सासू दारात आली. म्हणाली, सून कामाला गेली, वीटभट्टीवर. बसा, च्या घ्या. आणि तिने चूल पेटवली.

“चूल पेटली, गूळ घातलेला चहा आला,” खंडेराव म्हणाले. “मी म्हटलं, मयत असती तर हिने चूल पेटवली नसती. कोणीच पेटवत नाय. मी बसलो. दोन कप प्यालो. आत गेलो नाय. येऊन कागदावर लिहिलं, बाई कामाला गेली.”

त्यानंतर आठव्या दिवशी रखमा ओढ्यात सापडली. डॉक्टर म्हणाले, मरून दहा दिवस तरी झालेत. पण सरकारी कागदावर ती मेल्यानंतरही हिंडतीफिरती होती. नवऱ्याच्या वकिलाने तोच कागद पुढे केला आणि नवरा सुटला.

“माझ्या सहीवर सुटला,” खंडेराव म्हणाले. “देवूला चहाचं ठाऊक नाय. मी कोणाला सांगितलंच नव्हतं. बायकोला पण नाय.”

ते पुन्हा मेणाला लागले. मग, पाऊसपाण्याचं बोलावं तशा आवाजात, म्हणाले, “देवू आता तारापूरला खोदकामावर हाय. काल रस्त्यात भेटला, रामराम केला. म्हणाला, आमची टोळी रविवारी नाटकाला येणार.”

मी म्हटलं, “त्या दिवशी मी चहा पीत नाही. घाईत आहे म्हणून उठतो. गुरुजींचं मी बघतो.”

“आणि लोक हसायचे कशाला?”

“नाहीतर तुम्ही शेरा लिहा. तुमच्या हातात आहे. एक शब्द.”

“लिहीन की. मग साहेब विचारतील, खंडेराव, आक्षेपार्ह काय होतं? मी काय सांगू, चहा?” पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. “चार महिने राहिले. चार महिने गप्प बसलो की मी गावाला आणि देवू इथे. हे मला पण कळतं.”

“मग काय करणार?”

“बरं,” ते म्हणाले आणि मेणाची डबी बंद केली.

रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. पडद्याच्या फटीतून बघत होतो. तारापूरची टोळी आली, भिंतीला उभी राहिली. देवू कोण ते मला ठाऊक नव्हतं. खुर्ची रिकामी होती. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. तिसऱ्या घंटेला खंडेराव आत आले. खुर्चीचा हात दाबून पाहिला नाही, टोपी काढली नाही. नुसते बसले.

पहिला अंक झाला. दुसऱ्यात पारूबाईंनी चूल पेटवली. लाडकी त्या दिवशीही आली होती, तिने आपलं वाक्य बरोबर वेळेवर म्हटलं, ते आता नाटकातलंच झालं होतं. मी आत गेलो, कणगीला टेकलो. धाकट्या सुनेने बशी हातात दिली.

बशी तोंडापर्यंत नेली आणि थांबलो. घाईत असल्याचं वाक्य मी पाठ करून आलो होतो. खाली पाहिलं. खंडेरावांनी मांडीवरचा हात जरासा उचलला. गाडीला जायला वाट देतात तसा. प्या, असं त्यात होतं. मी प्यालो. मग ठरल्याप्रमाणे दुसरा कप मागितला.

हशाचा डोंगर कोसळला. आयुष्यात मला मिळालेल्या मोठ्या हशांपैकी तो एक. नट म्हणून मी त्या आवाजासाठी जगलो, पण त्या दिवशी तो कधी संपतो असं झालं. मागच्या भिंतीपाशी सगळे हसत होते, एक माणूस सोडून. डोक्याला पंचा, हात बांधलेले. तो माझ्याकडे बघत होता. मग तो खुर्चीकडे बघू लागला. मला कळलं, हा देवू.

खंडेराव वळून त्याच्याकडेच बघत होते. बाकीच्या दीडशेजणांना वाटलं, असली वाला पण आज खेळात आलाय. ते आणखी हसले.

प्रयोग संपला तेव्हा ऊन पुरतं उतरलं नव्हतं. मी मिशी न काढता, त्याच वेशात बाहेर पळालो. गिरणीच्या कोपऱ्याला पाण्याचं पिंप होतं, तिथे टोळी पाणी पीत होती. खंडेराव देवूसमोर जाऊन उभे होते. मी तीन पावलांवर थांबलो. जाणारे-येणारे आम्हा दोघांना बघून दात काढत होते. कोणीतरी म्हणालं, “दोन दोन हवालदार, चहाचं आधण ठेवा रे.”

“देवू,” खंडेराव म्हणाले, “तुझ्या बहिणीच्या घरी मी चहा प्यालो होतो. असाच. ती तेव्हा घरात असणार.”

देवूच्या हातात पाण्याचा डबा होता. तो त्याने पिंपावर ठेवला.

“तुमी गेला व्हता?”

“गेलो होतो.”

“मी म्हनत व्हतो, तुमी गेलाच नाय. चौकीतच बसून लिवलं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. अकरा वर्षं एका बाजूला लावलेलं सामान आता दुसऱ्या बाजूला हलवायचं आहे, असा त्याचा चेहरा झाला होता. “अकरा वरसं मी लोकांना त्येच सांगतो. हवालदार गेलाच नाय.”

“नऊ मैल चालत गेलो.”

“दारापोत गेला?”

“ओसरीवर बसलो.”

देवू खाली बघत राहिला. टोळीतला एकजण “चल रे” म्हणाला, तरी तो हलला नाही.

यापुढचं थोडं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला मग मध्ये बोलावं लागणार नाही. नाटकाचे आणखी दोन प्रयोग झाले, मग पेरणीची कामं आली आणि ते थांबलं. खंडेरावांनी त्या संध्याकाळी वहीत नेहमीचं वाक्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन साहेबांना जुन्या कागदाबद्दल सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नवरा वारून चार वर्षं झाली, आता कागद कोणासाठी उकरायचा? ते चार महिने संपले, खंडेराव जुन्नरकडे गेले. गाडीवर पोचवायला मी गेलो होतो, पण ते खिडकीतून नुसते हात हलवत राहिले. तीन वर्षांनी ते गेल्याचं त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. देवू पुढे बांधकामावर मुकादम झाला. मला बघितलं की थांबायचा, पण त्या विषयावर कधी बोलला नाही, आणि मीही काढला नाही. नंतरच्या प्रयोगांत मी टोपी पुसणं सोडून दिलं. हशा कमी आला, गुरुजी चिडले.

गस्तीवर, बाजारात त्या चार महिन्यांत खंडेराव काही बोलले असतीलच. पण माझ्या कानांनी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं त्या पिंपापाशी झालं. देवूने मान वर केली आणि विचारलं, “मग आत का नाय बगितलं?”

मला उत्तर ठाऊक होतं, चुलीचं. मंगळवारीच मी ते ओट्यावर ऐकलं होतं. खंडेरावांनी डाव्या हाताने टोपी काढली आणि काखेत धरली.

“चुलीचं मी मागनं जुळवलं, देवू,” ते म्हणाले. “त्या दिवशी चूल माझ्या डोक्यात पण नव्हती. पाय भरून आले होते. बसायला मिळालं, म्हणून बसलो.”